वाघबारशीला लावलेले पतंग

अन्याय झाला तो सुलोचना विशे यांच्यावर. डोळखांबच्या वर, एसटी सोडल्यावर चढणीची वाट धरून जावं लागतं अशा एका पाड्यावर एकशिक्षकी शाळा होती, तिथल्या त्या बाई. आणि तो झाला दोन हजार चार साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, सकाळची प्रार्थना संपून मुलं खाली बसत असताना. मी तिथे होते. दारातच उभी होते, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन.

त्याच दिवशी आणखी एकीवर झाला, ती तिथे हजर नसताना. तिचं नाव सोमी. जैतूची सोमी, दुसरीतली. तिच्याबद्दल शेवटी तुमच्याकडे मागणं आहे, म्हणून नाव आत्ताच लक्षात ठेवा.

मी मुरबाडची. आमची संघटना वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी काम करते. म्हणजे मोर्चे काढते, निवेदनं देते, पत्रकं वाटते. पत्रकं माझ्याकडे. विशेबाईंना पहिलं पत्रक दिलं ते एका पावसाळ्यात, त्यांच्याच शाळेच्या पडवीत. त्यांनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, मग उलटं करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, अशी अजून आहेत का. मला वाटलं, विचार पटले. मी सगळा गठ्ठा दिला. पुढच्या खेपेला गेले तर 'भट्टीमालकांनो, जाब द्या' हे आमचं पत्रक मडक्याच्या आकारात कापून भिंतीवर लावलेलं, कोरी बाजू वर, आणि तिच्यावर मुलांनी गेरूने काढलेले गोविंदा. गोकुळाष्टमी झाली होती ना. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "कागद चांगला हाय गो तुमचा. शाई तेवढी कमी लावा, मागच्या अंगाला फुटते."

मला राग आला होता. पण त्यानंतर पत्रकं छापताना मी मागची बाजू कोरीच राहील हे बघायला लागले.

बाई किन्हवलीच्या शेतकऱ्याघरच्या. उंच, किडकिडीत, आवाज मात्र बैल हाकणाऱ्याचा. वरच्या पाड्यावर बदली म्हणजे शिक्षा, असं मास्तरलोक समजतात. तिथे आलेला मास्तर पहिल्या महिन्यात वैद्यकीय कारण शोधतो. बाई नव्वदच्या दशकात तिथे आल्या आणि त्यांनी शोधलं ते गोणपाट. साखरेच्या पोत्यांची शिवण उसवायची, ती एकमेकांना जोडून शिवायची, बांबूच्या कामट्यांवर ताणायची आणि शाळेच्या एका अख्ख्या भिंतीला लावायची, अगदी जमिनीपासून. हा त्यांचा सणांचा फलक. टाचण्या गंजतात आणि लहान पोरं तोंडात घालतात, म्हणून बाभळीचे काटे. ते काटे बाईंच्या अंबाड्यात खोचलेले असत. पाढे चालू असताना एखादं पोर उठून जवळ यायचं, म्हणायचं, "बाई, काटा," आणि बाई पाढा न तोडता मान खाली करायच्या. पोर हव्या त्या लांबीचा काटा उपसून घ्यायचं. "बारा नव्वे अष्टोत्तरशे" म्हणताना बाईंची मान खाली आणि डोक्यावर पोराचा हात, असं मी कितीदा बघितलंय.

सणाचं सामान रानातलं. नागपंचमीला पिंपळाच्या कुजून जाळी झालेल्या पानांचे फणे. पोळ्याला आंब्याच्या वाळक्या कोयींचे बैल, पाय काड्यांचे. गणपतीत फलकावर गणपती नसायचा, नुसते उंदीर असायचे, सुक्या दोडक्याच्या तुकड्यांचे; कारण गणपती एकच होणार आणि तो कुणी करायचा यावरून एका वर्षी डोकी फुटली होती. दसऱ्याला आपट्याचं खरं पान. नाताळला खजुरीच्या पातीची चांदणी. नाताळ म्हणजे काय हे पाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलं, एका गरिबाघरी गोठ्यात मूल झालं तो दिवस. त्यावर एक पोर म्हणालं, मग तो आमच्यातलाच.

पण फलकाचं खरं कौतुक ह्या वस्तूंचं नाही. तशा वस्तू शहरातल्या बालवाडीतही बाया करतात आणि मुलांच्या नावाने आपणच लावतात. इथे प्रत्येक पोराची फलकावर स्वतःची जागा होती. पहिलीत आलं की बाई त्याला गोणपाटाला पाठ लावून उभं करायच्या, मग तोंड फिरवून हात सहज पोचेल तिथे कोळशाची खूण करायच्या. ती त्याची जागा. दर जूनला खूण वर सरकायची. आणि नियम असा की ज्याची जागा त्यानेच लावायचं, आणि सण ज्या दिवशी त्याच दिवशी लावायचं, शाळेला सुट्टी असली तरी. कुणी आलं नाही तर जागा रिकामी. शेजारच्याने लावलेलं चालायचं नाही, बाईंनी लावलेलं तर नाहीच. "रिकामं दिसलं तर दिसू दे, खोटं दिसायला नको," हे त्यांचं रोजचं वाक्य.

ह्या एका नियमावर शाळा भरायची. खिडकीतून डोकावून आया बघायच्या, कुणाची जागा मोकळी. मोकळी जागा म्हणजे पाड्यात चर्चा. तापाने फणफणलेला पोरगा घोंगडीत गुंडाळून, बापाच्या खांद्यावर बसून, एक कोयीचा बैल लावायला आलेला मी बघितलाय. लावला आणि परत गेला.

तालुक्याच्या ऑफिसातून साहेब आले की त्यांची एक तक्रार ठरलेली: फलक फार खाली आहे, बघायला वाकावं लागतं. बाई म्हणायच्या, साहेब वर्षातून एकदा येतात, पोरं रोज येतात. हे बाई हसून म्हणायच्या आणि साहेबही हसायचे. हसणाऱ्या साहेबांची बदली होते आणि न हसणारे येतात, हे तेव्हा आम्हाला सुचलं नव्हतं.

आता वाघाचं. हे मी ऐकलेलं आहे, सोमीची आजी बुधी हिच्याकडून, आणि बाईंनीही ते खरं म्हणून सांगितलंय. पहिल्या वर्षी ऑफिसने सणांचा छापील तक्ता दिला होता. तो वाचून झाल्यावर बाईंनी मुलांना विचारलं, ह्यात नसलेला तुमचा एखादा सण आहे का. वर्ग एका आवाजात म्हणाला, वाघबारस. दिवाळीच्या तोंडावर येते ती. गुरं राखणारी माणसं त्या दिवशी वाघाला नैवेद्य देतात, आमच्या गुरांवर येऊ नको म्हणून. तक्त्यात तो सण नव्हता. बाईंनी गोणपाटाचाच वाघ कापायला लावला, गेरूत बुडवलेला, अंगावर कोळशाचे पट्टे. तो इतका जमला की पहिलीची पोरं दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी बुधी आली, वाघाला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि निघून गेली.

झालं. आता वाघ उतरवणार कोण? एकाही पोराने हात लावला नाही. दिवाळीच्या पणत्या वाघाच्या भोवती लागल्या, नाताळच्या चांदण्या वाघाच्या डोक्यावर लागल्या, आणि सव्वीस जानेवारीला एका पोराने आपली जागा वाघाच्या पंजाजवळच आहे म्हणून झेंडा तिथे लावला, तर वाघानेच झेंडा धरल्यासारखं झालं. सरपंच झेंडावंदनाला आले होते, त्यांनी वाघालाही सलाम ठोकला म्हणे. तेव्हापासून वाघ कोपऱ्यात कायमचा. दर वाघबारशीला नवा गेरू, नवा शेंदूर.

हसण्यासारखं मला सांगता येतं ते इथपर्यंत.

दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो. पाड्यातली निम्म्याहून जास्त घरं भिवंडीकडच्या, कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. त्या घरांतली म्हातारी माणसं तेवढी मागे राहतात. शिमग्याला दोन दिवस येतात, परत जातात, आणि पावसाच्या तोंडावर कायमची येतात. पोरं बरोबर जातात, कारण म्हाताऱ्यांना स्वतःचंच होत नाही, त्यांच्याजवळ ठेवायची कशी, आणि सात वर्षांचं पोर विटा उलटवू शकतं, धाकट्याला सांभाळू शकतं. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही असं म्हणू नका. तुमच्या गावाच्या वेशीवर धूर दिसतो.

बाईंच्या फलकावर म्हणजे दर संक्रांतीला अर्धी जागा रिकामी. रिकामी राहिली तर राहू दे, असं म्हणणारी ही बाई; पण त्या रिकाम्या जागांकडे बघून त्यांना बसवत नसे. शेवटी दोन हजार तीनच्या संक्रांतीला त्यांनी गोणपाट कामट्यांवरून सोडवलं, त्याची वळकटी केली, बगलेत मारली आणि डोळखांबच्या स्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट पडेल. बाई म्हणाल्या, "सामान नाय, शाळा हाय. पोरांना हाफ असतं." तो ओळखीचा होता. त्याने काहीच फाडलं नाही.

भट्टीवर शेठच्या माणसाने अडवलं, सरकारी बाई दिसते म्हणून. बाईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी काढली आणि म्हणाल्या, मी हळदीकुंकवाला आलेय. संक्रांतीचा दिवस, सवाष्ण बाई दारात, तो काय बोलणार. झोपड्यांच्या मधे बाईंनी गोणपाट अंथरलं. एकीकडे बायांना कुंकू लावणं, तिळगूळ देणं चाललं, आणि दुसरीकडे पोरांनी आपापल्या जागा हाताने चाचपून शोधल्या आणि पतंग लावले. पोरांचे हात चिखलाचे. प्रत्येक पतंगावर विटेच्या मातीची बोटं उमटली. बाई तिथून जीप धरून दुसऱ्या भट्टीवर गेल्या. तिसरी सापडली नाही.

ते पतंग मी नंतर भिंतीवर बघितले. मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली त्यातलं एकही त्या बोटांसारखं बोललेलं नाही.

पण त्या दिवशी शाळेला कुलूप होतं, आणि कुणीतरी ते वर कळवलं. रजा न घेता शाळा सोडली, शाळेची वस्तू परस्पर बाहेर नेली. बाईंना ताकीद मिळाली: पुन्हा असं झालं तर निलंबन. बाईंनी ती ताकीद मला दाखवली नाही, नुसती सांगितली, आणि म्हणाल्या की वस्तू म्हणजे साखरेची पोती, ती माझ्या भावाच्या दुकानातली आहेत. मी त्यावर पत्रक काढू का विचारलं. म्हणाल्या, "काढ. मागची बाजू कोरी ठेव."

आणि मग आली पुढची वाघबारस. ती मी डोळ्याने बघितली.

दिवाळीची सुट्टी त्याच दिवशी लागायची होती. पोरांनी वाघाला गेरू दिला, बुधीने शेंदूर लावला. दुपारी जैतू दारात आला, सोमीचं बोट धरून. जैतू फार बोलणारा नाही. आधी त्याने वाघाला हात जोडले. मग म्हणाला,

"बाई, हिचा पतंग आजच लावून घ्या."

बाईंना हसू आलं. "अजून पणती नाय लागली रे, आनि पतंग कसला?"

"संक्रांतीला ही हितं नसंल. जागा मोकली ऱ्हाईल."

"राहू दे. येईल तवा लावंल."

"मोकली ऱ्हायली त नाव काढतील. मागं तुमी आलंल्या भट्टीवर. औंदा तुमाला येऊ देत नाय, आमाला ठाव हाय. पतंग आसला त कोन म्हनंल, सोमी नाय?"

त्याचं म्हणणं नीट समजून घ्या. ह्या माणसाला पट म्हणजे काय आणि हजेरी म्हणजे काय हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याला फलक कळत होता. फलकावर जागा भरली म्हणजे पोर शाळेत आहे, हे बाईंनीच इतकी वर्षं पाड्याला शिकवलं होतं. तो पोरीला शाळेतून काढत नव्हता. तिला शाळेत ठेवून भट्टीवर न्यायचा रस्ता त्याने शोधला होता. पाड्याबाहेरच्या कुणाच्या डोक्यात ही गोष्ट येणारच नाही, आणि तेच पुढे नडलं.

मी मधे बोलायला गेले, की जैतूभाऊ, मुलांना नेऊच नका, शिक्षण हा त्यांचा... बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. बाहेर पडवीत बघितलं तर जैतूच्या मागे आणखी माणसं पोरांना घेऊन उभी होती. सगळे त्याच कामाला आले होते. जैतूला पुढे केलं होतं एवढंच.

बाई फलकाकडे वळल्या. मग त्यांनी मान खाली केली.

सोमीला कळलं. तिने पुढे होऊन अंबाड्यातला एक काटा उपसला.

पतंग माझ्या पत्रकांचे झाले. दुसरा कागदच नव्हता. संध्याकाळपर्यंत पोरं कापत होती, केळीच्या सोपाच्या, म्हणजे वाळक्या सालीच्या, शेपट्या लावत होती, आणि आपापल्या खुणेवर टोचत होती. सगळे स्वच्छ, कुणावर चिखलाचं बोट नाही. सोमीच्या पतंगातून मागची शाई फुटलेली दिसत होती, 'भट्टीवर नको' एवढी अक्षरं उलटी.

जैतू म्हणाला, शिमग्याचं पण लावून घ्या. तिथे मात्र बाई ताठ झाल्या. म्हणाल्या, "नाय. शिमग्याला तू हिला हितं आनायचं. तिचं पळसाचं फूल तिच्या हाताने त्याच दिवशी लागंल."

"आनतो."

"माझ्याकडे बघून नको सांगू. वाघाकडे बघून सांग."

जैतूने वाघाकडे बघितलं. "आनतो," म्हणाला.

दिवाळीनंतर ट्रक आला आणि गेला.

किंक्रांतीला साहेब आले. हे नवे. कमी पटाच्या शाळा बंद करून खालच्या गावच्या शाळेत मिळवायच्या, असं वरून आलेलं होतं, आणि ते शाळा बघत फिरत होते. बरोबर एक कारकून आणि एक शिपाई. वर्गात मोजकी मुलं, एका चटईवर मावणारी. भिंतीवर पतंग मात्र पूर्ण, जमिनीपासून वरपर्यंत, प्रत्येकावर नाव. साहेब वाकले नाहीत. उभ्यानेच बघून त्यांनी विचारलं, ही मुलं कुठे आहेत.

"भट्टीवर," बाई म्हणाल्या.

"मग हे पतंग कुणी लावले?"

"त्यांनीच."

"कधी?"

"वाघबारशीला."

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. "संक्रांतीचे पतंग वाघबारशीला," ते म्हणाले, आणि ते जे हसले ते मी जन्मात विसरणार नाही. दोघेही हसले. मग साहेब म्हणाले की बाई, निदान पटेल असं तरी सांगा.

बाईंनी हजेरीपट उघडून समोर ठेवला. भट्टीवर गेलेल्या प्रत्येक पोराची गैरहजेरी त्यात स्पष्ट मांडलेली होती. एक दिवस खोटा नव्हता. साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि बंद केला. त्यांचा मुद्दा भिंतीचा होता: मुलं नसताना ती असल्याचा देखावा. मी ओरडले की मी स्वतः बघितलंय, मी साक्ष देते. ते म्हणाले, तुम्ही कोण, आणि माझ्या हातातला गठ्ठा बघून त्यांना उत्तर मिळालं.

मग त्यांनी बाईंना विचारलं, हे खोटं आहे हे तुम्हाला मान्य आहे का. बाई 'नाही' असं म्हणू शकल्या असत्या. कोणीही म्हटलं असतं. पण ह्या बाईचा स्वतःचा नियम होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या मानेने मोडला होता.

"त्या दिवशीचं त्या दिवशी लागलं नाही," त्या म्हणाल्या. "एवढं खोटं आहे. ते मी लावू दिलं."

साहेबांनी एवढंच लिहून घेतलं.

शिपायाला हुकूम झाला, हे सगळं काढून टाक. शिपाई खालच्याच एका गावचा. तो पुढे गेला, पहिल्या पतंगाला हात घातला, आणि कोपऱ्यात त्याला शेंदूर लावलेला वाघ दिसला. तो तसाच मागे सरकला. म्हणाला, "साहेब, हितं मी हात नाय लावत. माझ्या घरी गुरं हायत." साहेबांनी कपाळावर हात मारला. त्या दिवशी फलक वाचला तो वाघामुळे. आमच्या संघटनेमुळे नव्हे, हे मी लिहून देते.

पुढचं झटपट झालं, सरकारी कामं मनात आलं की होतात तशी. गैरहजर मुलांची नावं पटावरून काढली. नावं काढल्यावर पट कमी भरला, पट कमी म्हणून शाळा बंद झाली, आणि शाळा बंद म्हणून बाईंची बदली मुरबाडच्या पार पलीकडे, घाटाच्या पायथ्याला. खालच्या गावची शाळा ओढ्यापलीकडे आहे. पावसात त्या ओढ्यात मोठा माणूस उतरत नाही, पहिलीचं पोर काय उतरणार, हे मी निवेदनात लिहिलं, पत्रकात छापलं, शहापूरच्या स्टँडवर दिवसभर उभी राहून वाटलं. लोकांनी घेतलं. संध्याकाळी स्टँडच्या कचऱ्यात माझीच अक्षरं पडलेली होती, आणि त्यांची मागची बाजू कुणी वापरली नव्हती. धरणं धरलं तर पाड्यातनं आली ती चार म्हातारी माणसं. ज्या पोरांची नावं काढली, त्यांचे आईबाप भट्टीवर. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांनाच लढायला यायची सुट्टी नाही. मी त्या दिवशी रस्त्यावर बसून रडले, आणि ते काही रणनीती म्हणून नव्हतं.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी गोणपाट गुंडाळून बुधीच्या झोपडीत ठेवलं आणि बदलीच्या जागी रुजू झाल्या. तिथे मी दोनदा गेलेय. शाळा मोठी आहे, भिंती रंगवलेल्या आहेत, सणांचे छापील तक्ते डोळ्याच्या उंचीला लावलेले आहेत, म्हणजे साहेबांच्या डोळ्याच्या. बाई चांगलं शिकवतात. फलक करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, एक अर्धवट राहिलाय, तो झाल्याशिवाय दुसरा कसा घेऊ. त्यांच्या अंबाड्यात आता काटे नसतात. मान वाकवायची सवय मात्र गेलेली नाही. पोर जवळ आलं की वाकते, आणि तिथल्या पोरांना ते का हे कळत नाही.

पण मी बाईंना शेवटचं बघितलं असं म्हणते ते त्या शाळेत नाही. ते त्याच वर्षीच्या होळीला, पाड्यावर.

सकाळच्या गाडीने सरळगाव, तिथून किन्हवली, तिथून डोळखांब, आणि मग चढण, असं करून त्या आल्या. अंबाडा काट्यांनी भरलेला, पिशवीत पळसाची फुलं. रीतसर रजा घेऊन आलेय, असं त्यांनी मला आपणहून सांगितलं. शाळेला कुलूप. आम्ही दोघींनी गोणपाट पडवीच्या खांबांना बांधलं, जमिनीपासून. वाघ कोपऱ्यात, आणि वाघबारशीचे सगळे पतंग तसेच्या तसे. बुधी येऊन पायरीवर बसली.

दुपारपासून माणसं यायला लागली. भट्ट्यांनी शिमग्यापुरतं सोडलं होतं. पोरं धावत आली. कुणाचे केस मातीने लाल झालेले, कुणाच्या पायाला चिंधी. बाईंनी कुणालाही काही विचारलं नाही. प्रत्येकासमोर मान खाली केली, पोराने काटा घेतला, आपला पतंग काढला, त्या जागी पळसाचं फूल लावलं. उतरलेले पतंग बाई पिशवीत ठेवत होत्या. एकेक करत गोणपाट लाल होत गेलं. ऊन कलेपर्यंत सगळे पतंग उतरले होते. एक सोडून.

शेवटच्या जीपमधून आलेल्या एकाने सांगितलं की जैतूला मुकादमाने तिथून हलवलं, खाडीपलीकडच्या दुसऱ्या कुठल्या शेठकडे. भट्टीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. जैतू सोडा म्हणत होता, सोडलं नाही म्हणे.

बुधी म्हणाली, "वाघाफुडं बोल्ला व्हता."

"बोलला तो खोटा नाय बोलला," बाई म्हणाल्या. "त्याला येऊ दिला नाय."

पाड्यात होळीची लाकडं रचायला सुरुवात झाली होती. बाईंना शेवटची गाडी गाठायची होती. त्यांनी पिशवीतलं उरलेलं फूल बुधीच्या हातात दिलं. मग अंबाड्यात चाचपून एक काटा काढला, चांगला लांब, आणि फलकासमोर वाकल्या. सोमीच्या पतंगाला त्यांनी हात लावला नाही. पतंगाशेजारी, कोळशाच्या खुणेवर, त्यांनी तो नुसता काटा टोचला. मागे सरून बघितलं. मग परत वाकून तो उपसला आणि चार बोटं वर टोचला.

"तवर वाढली असंल," त्या म्हणाल्या, आणि उतरणीला लागल्या.

तिथून दोन वर्षं झाली. जैतू आलेला नाही. सोमी आता दहाच्या आसपास असेल. शाळेला तेच कुलूप आहे.

आता मागणं. हे पत्रक नाही, याची मागची बाजू कशालाही वापरू नका. शहापुरात, मुरबाडात, कल्याणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी घरं उठतायत, आणि त्यातलं एक तुमचं आहे, नाहीतर तुमच्या भावाचं. वीट कुठल्या भट्टीची हे ठेकेदाराला विचारा; विचारलं तर तो सांगतो. येत्या संक्रांतीला त्या भट्टीवर जा. तिळगूळ न्या, घरातल्या बाईला पुढे करा, हळदीकुंकवाला आलोय म्हणा, आत सोडतात. तिथल्या प्रत्येक पोरीला नाव विचारा. सोमी भेटली तर तिला सांगा, जागा आहे. आणि नाही भेटली, तर जी भेटेल तिचं नाव आणि तिचं गाव घेऊन तिच्या शाळेत जा, आणि ते नाव पटावर पुन्हा चढेपर्यंत त्या ऑफिसातून उठू नका.